प्रीती वाटतच नाही, तर करायची कशी?

प्रश्न : आदरणीय ताई, सप्रेम जय ख्रिस्त.
सुदामानगरात आमचं छोटं घर आहे. सासरे नोकरीसाठी नगरहून इंदूरला आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. आमच्या गल्लीत नर्मदेचा नळ एक दिवसाआड सकाळी येतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंनी थेट लाइनला मोटर जोडली. त्यांची गच्चीवरची टाकी भरून वाहते आणि आमच्या हौदात करंगळीएवढी धार पडते. मी सांगायला गेले, तर चारचौघांत म्हणाल्या, "बाटग्यांनी आम्हाला शिकवायला येऊ नये." त्या दिवसापासून बोलणं बंद.
आता काकू न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. मुलगा पुण्याहून आला, आठ दिवस राहून परत गेला. दुपारी कामवाली येते, बाकी वेळ त्या एकट्याच. त्यांचा वॉकर फरशीवर सरकतो तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो.
त्यातच पाळकसाहेबांनी बायबलमधल्या मार्क १२ वर संदेश दिला. देवावर पूर्ण अंतःकरणानं प्रीती, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती. ताई, मला काकूंबद्दल काहीच वाटत नाही. दयासुद्धा नाही. प्रीती आणू कुठून? मनात नसताना विचारपूस करायला जाणं म्हणजे ढोंगच ना? मिस्टर म्हणतात, तू गेलीस तर चूक आपलीच होती असं त्यांना वाटेल. मी दोनदा प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, उठलेच नाही.
— एक भगिनी, इंदूर

उत्तर : तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा काकूंच्या त्या एका शब्दापाशी अडले. तो मीही ऐकला आहे. सातवीत होते, शाळेत पाण्याच्या माठापाशी. म्हणणाऱ्या मुलीच्या रिबिनीचा रंगसुद्धा आठवतो. आज मी एकाहत्तर वर्षांची आहे, तरी आठवतो. त्यामुळे "विसरून जा" असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आधी ढोंगाचं बोलू. आपल्या बायबलमधला "प्रीती" हा शब्द उपासनेबाहेर आपल्याला भेटतो तो गाण्यांत आणि लग्नपत्रिकांत. म्हणून आपण वाट बघत बसतो, की आत काहीतरी हलेल आणि मग उठू. पण आज्ञा तशा गोष्टीची करता येत नाही. "तुला भूक लागू दे" असा हुकूम कुणाला सोडता येत नाही. "त्याला जेवायला वाढ" असं मात्र सांगता येतं.

प्रभू येशूनं हे वाक्य जिथून घेतलं, ते पान उघडा. लेवीय १९. आपण हा अध्याय फारसा वाचत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. अठराव्या वचनात "आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" येतं, पण त्याच्या आधी काय काय आहे? पीक कापताना शेताच्या कडा पार कापून घेऊ नको, खाली पडलेलं वेचू नको, ते गरिबाला आणि परक्याला राहू दे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको. न्याय करताना गरिबाचीही बाजू घेऊ नको, बड्याचंही तोंड पाहू नको. पुढे वजनमापं येतात. हे सगळं हातानं करायचं आहे. यात कुठेही "असं वाट" म्हटलेलं नाही.

तो मजुरीचा भाग मी एकदा शब्बाथशाळेत शिकवत होते. त्या काळात आमच्या भांडीवालीचा पगार मी दहा तारखेच्या पुढे कधीतरी द्यायची. माझा पगार एक तारखेला व्हायचा. पैसे घरात असायचे, फक्त लक्षात राहायचं नाही, आणि तिनं मागितले की मला तिचाच थोडा राग यायचा. वर्गात एका मुलीनं सहज विचारलं, "बाई, मग जी दहा तारखेपर्यंत थांबवते तिला देव काय म्हणतो?" तिची आई कुणाकडे तरी भांडी घासायची. माझ्याकडे नव्हे, पण माझ्यासारखीच कुणीतरी असणार. त्या संध्याकाळी मी आमच्या भांडीवालीच्या घरी जाऊन पैसे दिले. मनात तेव्हा प्रीती नव्हती, लाज होती. तरी पैसे वेळेवर पोचले, आणि पुढच्या महिन्यापासून एक तारखेलाच पोचू लागले. त्याला ढोंग म्हणायचं का?

आणखी एक, जे मी फारसं कुणाला सांगत नाही. सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मी त्यांची वेणी घालायची, पाठीला पावडर लावायची, दर दोन तासांनी कूस बदलायची. त्यांचं माझं कधीच जमलं नव्हतं. लोक म्हणतात, सेवा करता करता माया लागते. मला नाही लागली. असेल कुणाला लागत. पण त्यांच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही, आणि देवापुढे उभी राहीन तेव्हा ती पाठ मी दाखवू शकेन.

आता पाण्याचं. इथे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला अर्धं पटतं. प्रीती करायची म्हणजे अन्याय गिळायचा, असं आपल्या बायकांना फार शिकवलं गेलंय. पण त्याच अध्यायात, त्या प्रसिद्ध वचनाच्या अगदी आधीचं सतरावं वचन वाचा. आपल्या भावाचा मनात द्वेष करू नको. शेजाऱ्याला बोलायचं ते स्पष्ट बोल, नाहीतर त्याच्यामुळे पाप तुझ्याच माथी येईल. म्हणजे काकूंना मोटर काढायला सांगणं हाही त्याच आज्ञेचा भाग आहे. आणि दोन वर्षं मनात धुमसत राहणं हा तिचा भंग आहे, वरून कितीही शांत दिसलं तरी.

हे दोन्ही एकाच घरात कसं मावतं, ते आपल्या इंदूरजवळच घडलेलं आहे. सिस्टर राणी मरिया या केरळच्या कॅथॉलिक धर्मभगिनी देवास जिल्ह्यात उदयनगरला काम करायच्या. आदिवासी शेतकऱ्यांनी सावकाराच्या कर्जातून सुटावं म्हणून त्या त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या, आणि त्यामुळे काही लोकांच्या डोळ्यांत खुपू लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. बसमध्ये इतर प्रवासी होते. भीतीनं कुणी पुढे झालं नाही. त्यांच्याच धाकट्या बहिणीनं, त्याही धर्मभगिनी, २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हाताला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्ये सिस्टर राणी मरियांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं गेलं. आपण प्रॉटेस्टंट मंडळी संतपद मानत नाही, पण त्या राखीपुढे मी मान खाली घालते. सावकाराला "हे चुकतंय" म्हणणं आणि खुन्याच्या मनगटाला दोरा बांधणं, दोन्ही एकाच घरातून आलं.

तर आता काय करायचं? मी तुमच्या जागी असते तर उद्या सकाळी वरणभाताचा डबा घेऊन गेले असते. वर चमचाभर तूप. ऑपरेशननंतर तोंडाला चव नसते, मऊ भात जातो. "कशा आहात" एवढंच विचारायचं, डबा ठेवायचा, पाणी भरलेला तांब्या उशाशी ठेवायचा आणि निघायचं. मोटरचा विषय त्या दिवशी अजिबात काढायचा नाही. डबा म्हणजे मोटर बंद करण्याची लाच नव्हे, आणि काकूंना तसं वाटताही कामा नये. वॉकर सुटला, त्या हिंडूफिरू लागल्या, की एकदा एकटीनं जायचं. चारचौघांत नाही. तेव्हा दोन्ही गोष्टी सांगायच्या: आमच्या हौदात पाणी येत नाही, आणि त्या दिवशी तुम्ही जो शब्द वापरलात तो मला लागला. आवाज चढवायचा नाही, पण एक शब्दही गाळायचा नाही. ऐकलं नाही तर नगर निगमकडे तक्रार करा. तीही मनात डूख न धरता करता येते.

लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी आठवा. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा तो ओसाड घाट. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला एक माणूस पडलेला, आणि हा शोमरोनी तिथून चाललेला. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर पिढ्यान्पिढ्यांचं, आणि तेही धर्मावरूनच: उपासनेचा डोंगर खरा कुठला, तुमचा की आमचा. "बाटगा" हा शब्द त्याला परका नसणार. त्यानं काय केलं? जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन. मग आपल्या कामाला गेला. जखमी माणसाशी त्याची पुढे मैत्री झाली असं कुठे लिहिलेलं नाही. तुमची काकूंशी मैत्री झालीच पाहिजे असंही नाही. कामवालीला विचारा, रात्री कुणी झोपायला येईल का? येणार असेल तर पहिल्या आठवड्याचे पैसे तुम्ही द्या. घाटातला तो प्रवासी मला दिसतो तो असाच.

चूक कुणाची, हे काकूंना काय वाटेल ते वाटू दे. मिस्टरांना माझा निरोप सांगा: डबा न्यायला तुम्हीच या बरोबर, दार उघडायला काकूंना वेळ लागेल.

आणि प्रभुभोजन सोडू नका. मत्तय ५ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करायला जा म्हटलंय, पण त्यात "जा" आहे आणि "मग येऊन अर्पण कर" हेही आहे. तुम्ही जात नव्हता, म्हणून येतही नव्हता. शनिवारी डबा, रविवारी प्रभुभोजन. मेजापाशी येणाऱ्यांच्या मनात काहीच खुपत नसतं, असं तुम्हाला वाटतं का?

प्रश्न : ताई, मार्क १२ मध्ये शास्त्र्यानं येशूला सगळ्यांत मोठी अशी एकच आज्ञा विचारली होती, मग उत्तरात दोन का? आणि जुन्या करारातल्या "अनुवाद" या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, देवावर प्रीती करायला अंतःकरण, जीव, शक्ती अशा तीनच गोष्टी आहेत, मार्कमध्ये चार कशा?
— एक युवक, महू

उत्तर : दुसऱ्याचं आधी, ते सोपं आहे. इब्री भाषेत "लेव्ह" म्हणजे हृदय, पण माणूस विचारही त्याच हृदयानं करतो. ग्रीकमध्ये लिहिताना ते एका शब्दात मावेना, म्हणून मार्कनं बुद्धी वेगळी सांगितली. मत्तयानं बुद्धी घेतली आणि शक्ती ठेवली नाही. मराठी माणसाला हे चटकन कळावं, कारण आपलं "मन" दुखतंही आणि ठरवतंही.

दोन आज्ञांचं मला जे समजलंय ते सांगते. १ योहान ४:२० मध्ये म्हटलंय, की डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रीती करत नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर ती करताच येणार नाही. पहिली आज्ञा एकटीच दिली असती, तर मी पहाटे पाच वाजता प्रार्थना करून दिवसभर समाधानात राहिले असते आणि भांडीवालीचा पगार दहा तारखेलाच दिला असता. पण दुसरी एकटी असती तर? तर मी माझ्या आवडीचे शेजारी निवडले असते. अनोळखी, भांडखोर, मला नको तो शब्द बोललेला, असा माणूसही देवाच्याच हातचा आहे, ही आठवण पहिल्या आज्ञेतून येते. तुझ्या पत्रावर महू आहे, म्हणून विचारते: वसतिगृहात राहतोस का? मग खोलीतल्या जोडीदारापासून सुरुवात कर. तोही तू निवडलेला नसेल.