कंपनी बुडाली, काम नाही बुडालं

पत्र : मुलगी ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टेलिकॉममध्येच जायचं म्हणते. माझा धाकटा भाऊ मोबाइल कंपनीत होता. कंपनी बंद पडली आणि तो दोन वर्षं घरी बसला. हिला आयटीकडे वळवू का? – एक वडील, बार्शी

नमस्कार.

तुमची धास्ती खोटी नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो ही नावं दुकानांच्या पाट्यांवरून उतरली. व्होडाफोन आणि आयडिया २०१८मध्ये एक झाल्या. थकबाकीपोटी शेअर घेऊन आज त्यात सरकारच निम्म्याच्या जवळ आहे. खासगी कंपन्या उरल्या तीन. एकीतून बाहेर पडलं की दोनच दारं. ‘मग बीएसएनएल’ म्हणाल, तर तिथून २०२० साली ७८ हजारांच्या आसपास लोक एकदम स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले.

पण दुखणं कुठे आहे ते बघा. दिवाळीच्या दिवशी एसएमएस पॅक चालायचा नाही, आठवतं? शुभेच्छांच्या प्रत्येक मेसेजला वेगळे पैसे. ती कमाई व्हॉट्सअ‍ॅपने नेली, परदेशातल्या कॉलचीही नेली. आता गिऱ्हाईक महिन्याला सरासरी दोनशेच्या घरात पैसे देतं आणि रोज व्हिडिओ बघतं. स्पेक्ट्रमचं, म्हणजे सरकारकडून घेतलेल्या रेडिओ लहरींचं कर्ज, टॉवरचं भाडं, डिझेल कंपनीच्या डोक्यावर. व्हिडिओमधल्या जाहिरातीचे पैसे मात्र भलत्याच्याच खिशात.

मग कंपन्यांनी भार उतरवला. टॉवर वेगळ्या कंपन्यांकडे गेले, नेटवर्कची देखभाल बरीचशी एरिक्सन, नोकियासारख्यांकडे. रात्री दोनला साइट डाउन झाली, म्हणजे टॉवर बंद पडला की आजही कुणीतरी उठतंच, फक्त त्याच्या पगारपत्रकावर नाव दुसऱ्याचं असतं. (पगारही बहुधा कमी, हे लपवत नाही.)

‘आयटी की टेलिकॉम’ हा प्रश्नच आता जुना झालाय. ५जीचा कोअर, म्हणजे नेटवर्कचा मधला गाभा, हे सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअरच. पुण्यात अ‍ॅमडॉक्ससारखी कंपनी टेलिकॉमच्या बिलिंगचंच काम करते. मुलीने लिनक्स (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम), पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि आयपी नेटवर्किंग (इंटरनेटची जोडणी) नीट शिकावं. अँटेना आणि मॉड्युलेशन (लहरींवर माहिती चढवणं) कॉलेज शिकवतंच, ते परीक्षेपुरतं ठेवू नये. मग टेलिकॉम पुन्हा आटलं, तरी बँका आहेत, डेटा सेंटर आहेत. भावाची अडचण बहुधा हीच झाली, एकाच कंपनीच्या पद्धतीचं काम हाताशी होतं.

आणि सुट्टीत तिला एखाद्या ओळखीच्या इंजिनीअरबरोबर ड्राइव्ह टेस्टला पाठवा. गाडीत मागे बसायचं, मांडीवर लॅपटॉप, चार हँडसेट जोडलेले, गल्लीबोळ फिरत सिग्नलचे आकडे टिपायचे. ऊन, ट्रॅफिक, तेच ते. घरी आल्यावर पाठ दुखते म्हणाली तर म्हणू द्या. पण जेवताना अमक्या चौकात कॉल का तुटला ते ताटात बोटाने काढून दाखवायला लागली, तर तिला वळवायच्या भानगडीत पडू नका.