नवीन गाडीत 60 च्या वर 'घूंऽऽ' आवाज येतोय, सर्व्हिसवाले नॉर्मल म्हणतात, नक्की काय असेल?

तुम्ही लिहिलंय की गाडी पेट्रोल, दीड वर्षाची, 19 हजार किमी झालेत, आठवड्यातून एकदा निपाणी ते बेळगाव फेरी होते, आणि 60 च्या वर गेलं की मागनं भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज येतो. शिवाय कधीकधी गाडी बंद करून कुलूप लावल्यावरपण पुढनं घूं ऐकू येतं. हे दोन वेगळे आवाज आहेत, दोन्ही एकत्र धरू नका. सर्व्हिसवाल्याला एका दमात दोन्ही सांगितलं की तो जो सोपा तेवढाच ऐकतो आणि तुम्हाला परत पाठवतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, 14 वर्षं लेथवर काढली, म्हणजे बेअरिंगचा आवाज रोजचाच, म्हणून माझ्या गाडीला 22 हजारावर असाच आवाज यायला लागला तेव्हा मी डोळे झाकून म्हटलं बेअरिंग गेलं. सर्व्हिस सेंटरवाला आधी "अदु नॉर्मल री" म्हणून दोनदा परत पाठवत होता, मीच भांडून मागची दोन्ही हब बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ती) बदलून घेतली, त्यातलं काही वॉरंटीत बसलं काही खिशातनं गेलं, आणि घरी येताना तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत पोचायच्या आत तोच आवाज, तसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी आमच्या शॉपमधले वयस्कर मेस्त्री माझ्याबरोबर बसले, पाच मिनिटं ऐकलं, खाली उतरून मागच्या टायरच्या आतल्या कडेवरनं तळहात फिरवला आणि म्हणाले, "बेरिंग न्हवं हे, टायर ओरडूलालंय."

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पार्ट बदलायच्या आधी आवाज कशाला बांधलेला आहे ते बघा. इंजिनाला, चाकाला, का दोन्हीला नाही. याला मशीन लागत नाही, सोबत एक माणूस बसवा आणि मोकळा सपाट रस्ता बघा. तवंदी घाट किंवा वंटमुरी घाटात हे अजिबात करू नका, आणि ऊसाच्या सीझनला रात्री तर नकोच, बिनलाईटच्या ट्रॉल्या असतात. 60-65 ला आवाज चालू झाला की मागे कोणी नाही बघून दोनचार सेकंद न्यूट्रल करा, इंजिन मात्र चालूच ठेवायचं, बंद केलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला जोर देणारा बूस्टर जातो. इंजिनाचे आरपीएम खाली आले तरी आवाज तसाच राहिला तर तो चाकाच्या बाजूचा, टायर किंवा बेअरिंग. आरपीएमबरोबर आवाज खाली आला तर पुढे बघा, पट्टा, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर. एसी बंद करून परत एकदा ऐका, कॉम्प्रेसर असेल तर तिथंच कळतं. तुमच्या वर्णनावरनं मला चाकच वाटतंय.

आता टायर का बेअरिंग. रिकाम्या रस्त्यावर त्याच स्पीडला गाडी हळूच डावीकडे, मग उजवीकडे झुकवा, जास्त नाही, लेन बदलल्यागत. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजवीकडचं बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावीकडचं. टायरच्या आवाजाला याचा फारसा फरक पडत नाही, पण रस्ता बदलला की पडतो. नवीन गुळगुळीत डांबरावर एक आवाज आणि जुन्या खरबरीत पट्ट्यावर दुसरा, असं होत असेल तर टायर. खराब बेअरिंग मात्र रस्ता कुठलाही असो, त्याच सुरात बोलतं.

मग घरी सावलीत गाडी लावा आणि टायरवर हात फिरवा, आतली कड विसरायची नाही, सगळे बाहेरूनच बघतात आणि टायर चांगलाय म्हणतात. एका दिशेने हात गुळगुळीत आणि उलट फिरवला की करवतीच्या दातासारखं टोचलं तर अलाईनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, गेलेली. थोड्याथोड्या अंतरावर खळगे लागले तर टायर खड्ड्याखड्ड्यांनी झिजलाय. 60 ला चाक सेकंदाला जवळपास 9 फेऱ्या घेतं, कडेला पंधरा-सोळा खळगे असले तर सेकंदाला 135-140 ठोके रस्त्यावर बसतात, ते ठोके म्हणून ऐकू येत नाहीत, घूं म्हणूनच येतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा भाग हलका असतो, त्यामुळे मागचे टायर असे झिजायला जास्त वाव, आणि आपल्याकडे बरेच जण टायर अदलाबदल करतच नाहीत. आठ-दहा हजाराला एकदा करायला पाहिजे. हवेचं प्रमाण ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकरवर लिहिलेलं असतं, तेच धरा, पंपवाला सगळ्यांना एकच आकडा भरतो.

पक्कं करायला मागचे टायर पुढे, पुढचे मागे करून बघा, चारही एकाच साईजचे असले तर. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर उजवा उजवीकडेच ठेवायचा. आवाज पुढे सरकला की विषय मिटला. माझा सरकला. नंतर दोन टायर, अलाईनमेंट आणि बॅलन्सिंग, आणि गाडी गप झाली. शॉक अॅब्सॉर्बर गळत नाहीत ना तेपण बघून घ्या, ते ढिले असतील तर नवीन टायरपण तसेच झिजणार.

आवाज नाही सरकला तर बेअरिंग धरून चाला. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा, हँडब्रेक सोडून चाक हाताने जोरात फिरवायचं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा, खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधनं बोटांना लागते. घरी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली वाकू नका, कृपा करून. पावसात जांबोटी-चोर्ला बाजूला पाण्यातनं गाडी गेली होती का तेपण आठवा, सील पाणी घेतं, ग्रीस जातं आणि मग काही महिन्यांनी आवाज सुरू होतो. मोठ्या खड्ड्यात आपटली असेल तरी तसंच.

बंद केल्यावरचा आवाज बहुतेक रेडिएटरचा फॅन. टर्बो इंजिन असेल तर पाणी फिरवणारा छोटा इलेक्ट्रिक पंपपण बंद केल्यावर काही वेळ चालतो. घाट चढून आल्यावर, उन्हात, काही मिनिटं चालून थांबत असेल तर काळजी नको. थांबतच नसेल तर रिले, म्हणजे फॅन चालू-बंद करणारा स्विच, चिकटलाय, सकाळी बॅटरी बसलेली सापडेल, तेव्हा लगेच दाखवा.

आणि सर्व्हिस सेंटरला गेलात तर काउंटरवरच्या माणसाला तोंडी सांगून येऊ नका. जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार लिहितात त्या कागदावर, "60 च्या वर मागून आवाज" असं लिहून घ्या, आणि टेक्निशियनला शेजारी बसवून गाडी तुम्ही चालवा. बेअरिंग साधारण गाडीच्या वॉरंटीत असतं, टायरची वॉरंटी बहुधा टायर कंपनीकडे असते, बुकलेट बघा. लिहून देऊनपण नॉर्मल नॉर्मलच चाललं तर 1915 ही ग्राहक हेल्पलाईन आहे, जॉब कार्डची कॉपी तिथं उपयोगी पडते.

आज संध्याकाळी मागच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेला हात लावून बघा आणि काय लागलं ते इथंच लिहा, मग पुढचं सांगतो.