पाणमोट फुटली, पाणी गेलं, की अंगावरून जातंय?

प्रश्न असा आहे: नववा महिना लागलेल्या वहिनीने रात्री डॉक्टरांना फोन करून 'पाणी जातंय' असं सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, 'पाणमोट फुटली का?' काही फुटल्यासारखं तिला जाणवलं नव्हतं, म्हणून ती 'नाही' म्हणाली. सकाळी तपासल्यावर कळलं, फुटलीच होती. मग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? शब्द पाणमोट की पाणलोट? आणि बायका 'अंगावरून जातंय' म्हणतात तेही हेच का?

पाणलोट आधी निकालात काढू. तो धरणवाल्यांचा आणि जलसंधारणवाल्यांचा शब्द, पावसाचं पाणी वाहून एकत्र येतं त्या क्षेत्राचा. बाळंतपणातली ती पाणमोट, स्त्रीलिंगी. पाणी अधिक मोट. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची पिशवी, आणि मोट म्हणजे गाठोडंही ('मोट बांधणे' यातलं). दोन्ही अर्थ इथे चपखल बसतात, कारण गर्भाभोवती दोन पातळ पडद्यांची पिशवी असते आणि बाळ तिच्यातल्या पाण्यात असतं. संस्कृतात या आवरणाला उल्ब म्हणतात. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात 'यथोल्बेनावृतो गर्भः' (3.38) आलं आहे ते हेच. त्याचा मराठी अर्थ देताना काही जण 'वारेने झाकलेला गर्भ' लिहितात, ते मला पटत नाही. वार गर्भाला झाकत नाही, पोसते. आणि बाळ बाहेर आल्यावर पडते.

आता खरा घोळ: 'फुटणे' आणि 'जाणे'. घागर फुटते, फटाका फुटतो, बांध फुटतो. त्यामुळे 'पाणमोट फुटली का' ऐकलं की बाई आवाजाची, धक्क्याची, फरशीवर साचलेल्या पाण्याची वाट बघते. मालिका-सिनेमांनी ही समजूत पक्कीच केली आहे. पण मराठीत घामही फुटतो, पाझरही फुटतो, पालवीही फुटते. पाणमोट पुष्कळदा या दुसऱ्या, मुकाट जातीने फुटते. पडद्याला वरच्या अंगाला बारीक चीर पडली आणि खाली बाळाचं डोकं घट्ट बसलेलं असलं, तर धार लागत नाही. थेंबथेंब पाझरत राहतं, झोपून उठल्यावर किंवा खोकल्यावर थोडं जास्त येतं. दुखत तर अजिबात नाही. म्हणून 'पाणी जाणं' हा बायकांचा शब्दप्रयोग मला जास्त नेमका वाटतो. पिशवीचं काय झालं हे आतलं, ते बाईला दिसत नाही. तिला कळतं ते एवढंच की पाणी जातंय. तेव्हा घटना एकच. 'पाणमोट फुटणं' हे कारण आणि 'पाणी जाणं' हा परिणाम. वहिनीचं पहिलं वाक्य अचूक होतं, गडबड प्रश्नात होती.

'अंगावरून जाणं' मात्र सैल शब्द आहे. अंगावरून पांढरं जातं, लाल जातं, पाणी जातं. मधलं विशेषण गाळलं की ऐकणारा बहुधा पांढरंच समजतो आणि 'होतं असं शेवटच्या महिन्यात' म्हणून मोकळा होतो. शेवटच्या महिन्यांत पांढरं वाढतं हे खरंच आहे. पण ते दाटसर, चिकट असतं. कळांच्या आगेमागे रक्ताचे धागे असलेला शेंबडासारखा चिकट स्राव पडतो, त्याला प्रसूतिकक्षातल्या सिस्टर 'शो' म्हणतात. तेही पाणी नव्हे. पाणी पातळ असतं, रंगहीन किंवा फिकट पिवळसर, कधी किंचित गुलाबी, आणि वासाला लघवीसारखं उग्र नसतं.

लघवीशी गल्लत सगळ्यांत जास्त होते. बाळाचं डोकं मूत्राशयावर दाबतं, शिंकलं तरी चड्डी ओली होते. इथे क्रियापदच मदतीला येतं. लघवी आपण 'करतो', आवळली तर बहुधा थांबते. पाणी 'जातं', आपल्याला विचारत नाही. लघवी करून यावं, कोरडा पॅड लावून अर्धा तास आडवं व्हावं आणि मग उभं राहून बघावं. पुन्हा ओलं आलं तर पाण्याचा संशय धरावा. नाही आलं तरी मनात शंका असेल तर दवाखाना गाठावाच. पॅड हा पुरावा नव्हे. तो पॅड सोबत न्यावा, डॉक्टरांना रंग आणि वास कळतो.

दवाखान्यात तपासणीच्या उपकरणाने आत पाणी साचलेलं दिसतं का ते बघतात. कुठे कुठे रंग बदलणारा कागद वापरतात: योनीतला ओलावा आम्ल असतो, गर्भजल अल्कधर्मी, म्हणून कागद निळा होतो. रक्त लागलं असेल तरी तो निळा होऊ शकतो, त्यामुळे निकाल एकट्या कागदावर देत नाहीत. केसपेपरवर मग 'लीकिंग पीव्ही' असं लिहिलेलं सापडेल. पीव्ही म्हणजे योनिमार्गे. म्हणजे 'पाणी जातंय' याचाच डॉक्टरी अवतार, फुटण्याचा तिथेही उल्लेख नाही! डॉक्टरांनी मुद्दाम पिशवी उघडली तर मात्र आपण 'पाणी फोडलं' म्हणतो. पाणी कसं फुटेल, असा शुद्धतावादी आक्षेप कुणी घेऊ नये, रूढ आहे.

'गर्भजल' हा शब्द घराघरात पोचला तो बाळंतपणामुळे नव्हे. 1980 च्या दशकात गर्भजल परीक्षा करून मुलगी असल्यास गर्भ पाडण्याविरुद्ध महाराष्ट्रात चळवळ झाली, 1988 मध्ये राज्याने कायदा केला आणि 1994 मध्ये केंद्राने. त्यामुळे या शब्दाला अजून तपासणीचा वास आहे. फोनवर 'गर्भजल जातंय' असं कुणी म्हणत नाही. तसंच सोनोग्राफीनंतर 'पाणी कमी आहे' सांगतात, तेव्हा पाणी हेच, पण ते गेलं असेलच असं नाही. मुळात कमी तयार होत असेल.

दिवस भरलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणींचं पाणी कळा सुरू होण्याआधी जातं. कळा नाहीत म्हणजे पाणी नाही, हा तर्क म्हणून चुकतो. पाणी गेल्यावर जंतुसंसर्गाची वाट मोकळी होते, त्यामुळे संबंध टाळावा, आत काही घालू नये. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल (बाळाने आत शी केल्याची खूण), रक्त जात असेल, ताप असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल किंवा 37 आठवडे भरले नसतील, तर सकाळची वाट बघायची नाही. नाळ बाहेर आल्यासारखी वाटली तर 108 ला फोन आणि गाडी येईपर्यंत गुडघे-कोपरांवर ओणवं, कंबर वर.

फोनवर काय म्हणावं असं विचाराल, तर पाणमोटीचं नावही घेऊ नका: 'अमुक आठवडे झालेत, इतक्या वाजल्यापासून पाणी जातंय, आवळून थांबत नाही, रंग असा आहे, बाळ हलतंय किंवा हलत नाही.'