सोडलं तर तो अधिक खचेल का?

“मॅडम, तो आधीच उदास असतो. त्यात हेही काढून घेतलं आणि त्यानं स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलं तर?” 16 वर्षांच्या मुलाच्या आईने पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न मी अनेक पालकांकडून ऐकला आहे. तिला मुलाच्या दप्तरात वेप, म्हणजे तंबाखूतल्या निकोटिन या व्यसन लावणाऱ्या द्रव्याची वाफ ओढण्याची ई-सिगारेट, सापडले होते. दिसायला ते पेन ड्राइव्हसारखे असल्याने कित्येक दिवस तिला संशयही आला नव्हता. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलाशी मी एकांतात बोलले. “ते ओढलं की डोकं शांत होतं,” तो म्हणाला. मी त्याला खोडून काढले नाही, कारण त्याचा अनुभव खराच होता; प्रश्न एवढाच होता की ती शांतता नेमकी कशापासून मिळत होती. मी त्याला एक वही दिली आणि आठवडाभर दर वेळी वेप ओढण्यापूर्वी व नंतर आपली बेचैनी 0 ते 10 या आकड्यांत मांडायला सांगितले. त्याने ते मनापासून केले. सकाळी उठल्यावर 7, ओढल्यावर 3, दोन-अडीच तासांनी पुन्हा 6. रविवारच्या पानावर बोट ठेवून तो म्हणाला, “मॅडम, या दिवशी ना शाळा होती, ना परीक्षा. तरी आकडा चढलाच आहे.”

निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. सवय लागलेल्या मेंदूला ही घट जाणवते आणि मग चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणे, मन उदास होणे अशा तक्रारी सुरू होतात, ज्या हुबेहूब चिंताविकारासारख्या दिसतात. पुढचा कश ही तलफ शमवतो आणि मुलाला वाटते की आपला ताण गेला. मेंदूची वाढ वयाच्या पंचविशीपर्यंत चालू राहते, त्यातही आवेग आवरणारा पुढचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. त्यामुळे या वयात सवय लवकर जडते. हल्लीच्या अनेक वेपमध्ये निकोटिन क्षाराच्या रूपात असते, ते घशाला फारसे टोचत नाही, आणि म्हणून सिगारेटच्या पहिल्या झुरक्याला येणारा ठसकाही मुलाला थांबवायला उरत नाही.

तरीही “वेपमुळेच त्याला नैराश्य आले” असे मी आईला सांगितले नाही. आजोबा गेल्यापासून तो गप्प झाला होता आणि वेप त्यानंतर काही महिन्यांनी हाती आले होते. उदास मुले धूम्रपानाकडे अधिक वळतात आणि धूम्रपान करणाऱ्या मुलांमध्ये पुढे नैराश्याची लक्षणेही अधिक आढळतात. शिवाय एकटेपणा, घरातील ताण, आनुवंशिकता अशी दोन्हींना खतपाणी घालणारी कारणे असतात. वेप काढून घेऊन दुःख तसेच ठेवणे मला म्हणूनच अपुरे वाटते.

आईची भीती मी बाजूला सारली नाही. मरणाचे विचार येतात का, हे मी मुलाला सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. “सकाळी जाग आली नाही तर बरं, असं कधी कधी वाटतं,” तो म्हणाला. स्वतःला इजा करण्याचा बेत नव्हता, परंतु त्याला सांगून मी ही गोष्ट आईच्या कानावर घातली आणि त्याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

सोडण्याविषयी तिला दिलासा देण्यासारखे माझ्याकडे बरेच होते. 2014 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला; त्यात धूम्रपान सोडलेल्यांची चिंता, नैराश्य आणि ताण, न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले आढळले. ते निष्कर्ष प्रामुख्याने प्रौढांचे आहेत, हेही मी तिला सांगितले. मात्र सुरुवातीचे दिवस कठीण जातात: त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्या काळातली आदळआपट पाहून “बघा, बिघडलाच” असा निष्कर्ष काढू नका, अशी मी तिला विनंती केली.

दुसऱ्या आठवड्यात त्याने पुन्हा ओढले. आईने आरडाओरडा केला, तो दोन दिवस बोलला नाही. आम्ही ओरडण्याविषयीही बोललो आणि त्या दिवशी तलफ कुठे, कोणासोबत आली याविषयीही. मग सोडण्याची नवी तारीख त्यानेच ठरवली.

सातव्या आठवड्यात त्याने वही आणली. सकाळचा आकडा 7 वरून 2 वर आला होता; काही संध्याकाळी मात्र अजून 5 होता. त्यांपैकी एका संध्याकाळी त्याने आकड्याखाली लिहिले होते, “आजोबांची आठवण आली. ओढावंसं वाटलं नाही. रडू आलं.” त्या दिवशी आम्ही प्रथमच आजोबांविषयी बोललो.