आईबाबा इकडे आले की नुसते बसून का राहतात

सारखा येणारा प्रश्न म्हणजे आईबाबा भारतातून अमेरिकेत आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आलेत आणि दिवसभर सोफ्यावर बसून मोबाईलवर सिरियल बघतात, गुडघे धरलेत, चला फिरायला म्हटलं की हो हो म्हणतात पण उठत काही नाहीत. मी स्पष्टच सांगते, यात त्यांच्यापेक्षा आपलंच जास्त चुकतं.

माझे बाबा सांगलीला रोज सकाळी दूध आणायला चालत जायचे, येताना पेपर, वाटेत ओळखीचे दोघंतिघं भेटणार, तासभर सहज जायचा आणि त्याला व्यायाम असं कोणी म्हणतही नव्हतं. इथे शिकागोजवळ आमच्याकडे आले तर फ्रीजमध्ये आठवड्याचं दूध गॅलनमध्ये भरून ठेवलेलं. मग जायचं कशाला आणि कुठे? वर मी दोघांना सारखी सांगत होते, तुम्ही आता काही करू नका, आराम करा. प्रेमानेच सांगत होते हो. दोन महिन्यांनी बघितलं तर बाबा सोफ्यावरून उठताना आधी पुढे सरकायचे, मग दोन्ही हात मांड्यांवर दाबायचे आणि तिसऱ्या प्रयत्नात उभे राहायचे. येताना असं अजिबात नव्हतं.

म्हणून व्यायाम करा म्हणू नका, काम द्या. खरं काम. आमच्याकडे नातीला बसस्टॉपवर सोडणं आणि आणणं बाबांकडे दिलं, आता बस चुकायला नको म्हणून तेच दहा मिनिटं आधी बूट घालून दारात उभे असतात. आईला तिचं स्वयंपाकघर परत दिलं, मागे मेथी-कोथिंबीर लावायला वाफा दिला.

आणि बाहेर का जात नाहीत हे एकदा शांतपणे विचारा. माझ्या आईला भीती होती की सगळी घरं सारखीच, परत येताना चुकले तर? मग आठ दिवस मी रोज एकाच रस्त्याने सोबत गेले, खिशात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला कागद दिला. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात त्यामुळे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, हे मात्र सारखं सांगावं लागतं, आयुष्यभराची सवय असते ना.

थंडीत इथे डिसेंबरला साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि फुटपाथवरचा बर्फ दिसतही नाही, तेव्हा बाहेर नेऊच नका. मॉलमध्ये न्या, बऱ्याच ठिकाणी दुकानं उघडायच्या आधी चालणाऱ्यांना आत सोडतात, सपाट फरशी, बसायला बाकं, बाथरूम जवळ. फक्त मोज्यांवर चप्पल घालून नको, चांगले बूट घेऊन द्या.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते, आणि ६५च्या वरच्यांना तीन दिवस ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम पण. घरच्या घरी बघायचं असेल तर हात छातीवर घडी करून खुर्चीतून ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा, सत्तरीच्या सुरुवातीला पुरुषांना १२ आणि बायकांना १० पेक्षा कमी जमत असेल तर पडायचा धोका जास्त समजतात. तुम्ही शेजारी उभे राहा आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर खिशात गोड काहीतरी हवंच, आणि छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि लगेच फोन करायचा, मुलांना त्रास नको म्हणून हे लोक लपवतात.

सगळ्यात जास्त उपयोग सोबतीचा झाला. पलीकडच्या गल्लीत एक तेलुगू आजोबा आहेत, बाबांना तेलुगू येत नाही, त्यांना मराठी येत नाही, दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत रोज संध्याकाळी तळ्याला दोन चकरा मारतात. परवा ते आले नाहीत तर बाबा स्वतः त्यांच्या दाराची बेल वाजवून चौकशी करून आले.