रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास का? फिजिशियनची प्रश्नोत्तरे

ताप, बीपी, शुगर, खोकला, दम, अशक्तपणा अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मोठ्या माणसांना हॉस्पिटलच्या जनरल मेडिसिन विभागात तपासलं जातं. या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांत रिपोर्टचे आकडे व्यवस्थित लिहिलेले आहेत. पण त्रास कधी सुरू झाला, आधी काय झालं, घरात कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे फार थोड्यांनी लिहिलं आहे. फिजिशियनला, म्हणजे या विभागातल्या डॉक्टरला, निदानासाठी सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

प्रश्न : वडिलांना डेंग्यू आहे. पाचव्या दिवशी ताप उतरला, पण प्लेटलेट ४२ हजारांवर आल्या. डॉक्टर म्हणतात अ‍ॅडमिट करा, पण प्लेटलेट चढवायला नकार देतात. ताप नसताना अ‍ॅडमिट कशाला? आणि केलंच, तर प्लेटलेट का देत नाहीत?

तुमच्या डॉक्टरांचं दोन्ही बाबतींत बरोबर आहे. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरी काळजी घ्यायची असते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप कमी होत असताना, बारीक रक्तवाहिन्यांमधून रक्तातलं पाणी बाहेर झिरपू लागतं. ते पोटात आणि फुप्फुसाभोवती साठतं, रक्त घट्ट होतं आणि बीपी खाली येतं. हा धोक्याचा काळ साधारण एक-दोन दिवसांचा असतो. घरचे मात्र त्याच वेळी ‘ताप गेला’ म्हणून निश्चिंत होतात.

म्हणून आम्ही प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट आहे ते, पुन्हा पुन्हा पाहतो. तो आकडा चढत असेल तर सलाईन मोजून द्यावं लागतं. कमी पडूनही चालत नाही आणि जास्त झालं तरी दम लागतो. हे घरी जमण्यासारखं नाही. प्लेटलेट मात्र रक्तस्राव होत असेल किंवा आकडा साधारण दहा हजारांच्या खाली गेला असेल तेव्हा देतात. ४२ हजारांवर त्या चढवून फायदा होत नाही; उलट रिअ‍ॅक्शनचा धोका वाढतो. आजार ओसरू लागला की प्लेटलेट आपोआप वाढतात.

पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, सहा तासांत लघवी न होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र आहे म्हणून थांबू नका. अंग दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. वडील हृदयासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेत असतील तर ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : मला खूप थकवा असतो. सलाईन लावलं की दोन दिवस बरं वाटतं. दर महिन्याला लावून घेतलं तर चालेल का?

नको. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, दुसरं काही नाही. साखरेच्या पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत पंचवीस ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे शंभरेक कॅलरी. यातून ताकद येत नाही. तास-दोन तास शांत पडून राहिल्याने बरं वाटतं, तेवढंच. ज्याच्या पोटात पाणी टिकत नाही त्याला सलाईन जीवदान देतं. पण हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्याला तीच बाटली दम लावू शकते.

थकव्याचं कारण शोधा: हिमोग्लोबिन, शुगर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), व्हिटॅमिन बी-१२. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. आणि झोप उडाली आहे का, कशातच मन लागत नाही का, हेही डॉक्टरांना सांगा. नैराश्याचे अनेक पेशंट ‘अशक्तपणा’ म्हणूनच आमच्याकडे येतात आणि योग्य उपचारांनी बरे होतात.

प्रश्न : वय ५४, पुरुष. उपाशीपोटी शुगर १०४, पण एचबीए१सी ६.७ आला. हिमोग्लोबिन ८.६ आहे. मला मधुमेह झाला का? गोळी सुरू करू का?

तुम्ही शुगरबद्दल विचारलं आहे, पण मला तुमच्या हिमोग्लोबिनची जास्त चिंता वाटते.

आधी शुगर. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, हे एचबीए१सी सांगतो. ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, पण हा नियम लाल पेशी ठीक असतील तेव्हाचा. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वाढू शकतो. रक्तस्रावात किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी दिसतो. त्यामुळे एवढ्यावर गोळी सुरू करू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी शुगर तपासा. ती २०० किंवा जास्त, किंवा उपाशीपोटीची १२६ किंवा जास्त आली आणि पुन्हा तपासूनही तसंच दिसलं, तर मधुमेह म्हणू.

आता हिमोग्लोबिन. पुरुषात ते १३ च्या वर हवं. मासिक पाळी नसलेल्या माणसाचं रक्त ८.६ पर्यंत उतरलं, तर ते कुठून तरी जात आहे का, हे पाहावंच लागतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून लोहाची कमतरता ठरवा. ती असेल तर पोट आणि मोठं आतडं दुर्बिणीतून तपासून घ्या. अल्सर सापडेल, मूळव्याध सापडेल, कधी आतड्याचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडतो आणि तेव्हा तो बरा करता येतो. नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन आकडा वाढवलात तर मूळ कारण झाकलं जाईल. शी काळी होते का, वजन घटलं आहे का, गुडघेदुखीसाठी पेनकिलर रोज चालू आहे का, हे आठवून फिजिशियनना सांगा. याच आठवड्यात जा.

प्रश्न : बीपीची गोळी घेऊन बीपी १२६/८० आलं. आता बंद करू का? अ‍ॅम्लोडिपिनने पायाला सूज येते, किडनी खराब झाली असेल का?

बीपी नॉर्मल आलं ते गोळीमुळे. स्वतःहून बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारख्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर धोका होतो. वजन बरंच उतरलं, मीठ कमी केलं, तर डॉक्टर डोस कमी करू शकतात. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येणं नेहमीचं आहे आणि त्याचा अर्थ किडनी गेली असा होत नाही. तरी लघवी आणि क्रिएटिनिन एकदा पाहा. डोस किंवा औषध बदललं की सूज उतरते. घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा आणि मोजेपर्यंत बोलू नका.

प्रश्न : तीन आठवडे खोकला. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. तिसरा घेऊ?

सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पण दोन आठवडे उलटले की छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी थुंकीची तपासणी करायची. ती तिसऱ्या कोर्सच्या आधी करा, कारण लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिकने टीबी काही काळ दबतो आणि निदान लांबतं. बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर कोरडा खोकला त्याचाही असू शकतो.

प्रश्न : आई ६१ वर्षांची, मधुमेह आहे. चार दिवसांपासून जिना चढताना पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं, घाम येतो, बसली की थांबतं. ईसीजी नॉर्मल आला. गॅसच्या गोळीने फरक नाही. अजून किती दिवस वाट पाहू?

वाट पाहू नका. श्रमाने येणारा आणि थांबलं की जाणारा त्रास हृदयाचा समजूनच तपासायचा असतो. मधुमेहात छातीत दुखतंच असं नाही; जडपणा, घाम, दम एवढंच असू शकतं. त्रास नसताना काढलेला ईसीजी नॉर्मल आला, तरी हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं म्हणता येत नाही. आईंचा त्रास नवा आहे, म्हणून त्यांना आजच इमर्जन्सीत न्या. जुना आणि नवा ईसीजी शेजारी ठेवून पाहतील, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) काही तासांच्या अंतराने तपासतील, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतील. तोपर्यंत त्यांना जिना चढू देऊ नका. बसल्या जागी त्रास सुरू झाला तर थेट अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि आधीचा ईसीजी बरोबर घ्या.