नवीन वाय-फाय कार्ड बसवल्यापासून गेम अडकतोय, स्पीड मात्र भरपूर येतो. कारण कसं शोधायचं?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. डेस्कटॉपमध्ये इंटेलचं एएक्स२१० कार्ड बसवलं त्या दिवसापासूनच व्हॅलोरंट अडकायला लागलं, ही एक. आणि पिंग (समोरून उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) साधारण दर मिनिटाला १५ वरून २००-३०० वर उडतो, दोन सेकंदांत परत खाली येतो, ही दुसरी. स्पीड टेस्टला १८० एमबीपीएस येतात म्हणून कार्ड ठीक आहे असं तुम्ही धरून चाललात. तिथेच तपास चुकीच्या वाटेला जातो.

गेमला स्पीड फारसा लागत नाही, एक-दोन एमबीपीएसही पुरतात. त्याला लागतो तो वक्तशीरपणा. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ठरवतो, म्हणजे जवळपास दर ८ मिलिसेकंदांनी. तुमचं कार्ड २०० मिलिसेकंद गप्प बसलं की असे पंचवीस ठोके हुकतात आणि समोरचा खेळाडू अचानक दुसरीकडे उगवतो. स्पीड टेस्ट मात्र दहा-पंधरा सेकंदांची सरासरी काढते, त्यात ही २०० मिलिसेकंदांची खोट विरून जाते. म्हणून लॅग किती येतो यापेक्षा तो कोणत्या तालात येतो ते बघा. ठरावीक वेळाने येणारा, कधीही येणारा आणि घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला घेतला की येणारा, या तिघांची कारणं वेगवेगळी असतात.

सेटिंगला हात लावण्याआधी उशीर कुठे होतोय ते नक्की करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवून 'डिफॉल्ट गेटवे'चा, म्हणजे तुमच्या राउटरच्या पत्त्याचा आकडा बघा, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असेल. मग दोन खिडक्या उघडा. एकीत त्या गेटवेला आणि दुसरीत ८.८.८.८ ला (हा बाहेरचा, गूगलचा सर्व्हर) पिंग लावा, दोन्हीकडे शेवटी -टी जोडा म्हणजे पिंग सतत चालू राहील. दहा मिनिटं गेम खेळा आणि मग दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून बघा. ५ गिगाहर्ट्झवर चांगल्या जोडणीत राउटरचं उत्तर १ ते ४ मिलिसेकंदांत येतं. अधूनमधून एखादा २०-३० चा आकडा दिसला तर सोडून द्या, पिंगला उत्तर देणं हे राउटरसाठी दुय्यम काम असतं. पण राउटरच्याच खिडकीत २०० दिसत असतील तर दोष कार्ड ते राउटर या काही फुटांच्या हवेतच आहे. ब्रॉडबँडवाल्याला फोन करून उपयोग नाही. राउटरची ओळ सपाट आणि बाहेरची उड्या मारतेय असं असेल तर कार्डाला दोष देऊ नका, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

तुमचा ताल दर मिनिटाचा आहे, त्यामुळे माझा पहिला संशय स्कॅनिंगवर आहे. जोडणी चालू असतानाही विंडोज मधूनमधून कार्डाला आजूबाजूची नेटवर्कं शोधायला पाठवतं. त्या वेळी कार्डाचा रेडिओ तुमचं चॅनेल सोडून बाकीच्या चॅनेलांवर फेरी मारतो आणि गेमची पाकिटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, थांबून राहतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये रडारसाठी राखून ठेवलेली जी चॅनेलं आहेत, तिथे कार्डाला आपणहून हाक मारायची परवानगी नसते. राउटरच्या बीकनची (तो आपण इथे आहोत हे सांगायला ठरावीक वेळाने पाठवतो त्या इशाऱ्याची) वाट बघत बसावं लागतं, आणि बीकन साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी येतो. एएक्स२१० २.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ असे तीन पट्टे ओळखतं, त्यामुळे तुमच्या जुन्या कार्डापेक्षा याची फेरी लांब असणार.

हे सिद्ध करणं सोपं आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' चालवून कार्डाचं नाव बघा (बहुतेक 'वाय-फाय' असेल). जोडणी चालू असतानाच 'नेटएसएच डब्ल्यूलॅन सेट ऑटोकॉन्फिग इनेबल्ड=नो इंटरफेस="वाय-फाय"' ही आज्ञा द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. मग दहा मिनिटं पिंग बघा. उड्या थांबल्या तर चोर सापडला. ही आज्ञा कायम ठेवू नका. ती चालू असताना नेटवर्कांची यादी दिसत नाही आणि जोडणी तुटली तर आपोआप परत लागत नाही, म्हणून काम झालं की 'नो'च्या जागी 'येस' घालून पूर्ववत करा. कायमचा इलाज म्हणजे स्कॅन मागणाऱ्यांनाच गप्प करणं: सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली लोकेशन बंद करा आणि वाय-फायचं सिग्नल दाखवणारी किंवा नेटवर्कला 'वेग' देणारी सॉफ्टवेअरं काढून टाका. खेळताना टास्कबारवरची नेटवर्कांची यादीही उघडू नका.

सिग्नल कमजोर असला तर कार्ड स्वतःच दुसरं ठिकाण शोधायला लागतं, म्हणून अँटेनाही बघायलाच हव्यात. वरच्याच 'शो इंटरफेसेस'मध्ये सिग्नल टक्क्यांत दिसतो: १०० टक्के म्हणजे -५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), ६० टक्के म्हणजे -७०. गेमसाठी ७५ च्या वर हवा. राउटर त्याच खोलीत असून ५० दिसत असेल तर पीसी बंद करा, प्लग काढा आणि कार्ड उघडून बघा. आतल्या छोट्या मॉड्यूलवर दोन बारीक वायरी दाबून बसवलेल्या असतात. वाहतुकीत त्यातली एखादी निसटते, आणि एका वायरीवरही नेट चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. नखाने सरळ खाली दाबा, बारीक 'टक्' आवाज आला पाहिजे. वाकडी दाबलीत तर कनेक्टर मोडेल. अँटेना थेट पीसीच्या मागे लावल्या असतील तर पुढे पत्र्याची कॅबिनेट आणि मागे आरसीसीची भिंत, अशा कोंडीत त्या अडकतात. वायरवाली, लोहचुंबकाच्या बुडाची अँटेना घेऊन टेबलावर ठेवली की बहुतेक वेळा एवढ्यानेच फरक पडतो.

ब्लूटूथ याच कार्डावर आहे. तुम्ही ब्लूटूथ हेडफोन लावून २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर खेळत असाल तर दोघं एकाच पट्ट्यात वाटून वेळ घेतात आणि पिंग वेडावाकडा नाचतो. अँटेनाशेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क असेल तर तिचा गोंगाटही याच पट्ट्यात पडतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या, पीसी तिथेच जोडा. २.४ शिवाय पर्यायच नसेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

आता ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवू देणारं सॉफ्टवेअर. विंडोज स्वतःहून घालतं तो बऱ्याचदा जुना असतो. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'मधून लपलेली उपकरणं दाखवा आणि जुन्या कार्डाची फिकट दिसणारी नोंद ड्रायव्हरसह काढा. मदरबोर्डवर आधीपासून वाय-फाय असेल तर ते डिसेबल करा. नंतर इंटेलच्या संकेतस्थळावरून वाय-फायचा ड्रायव्हर घ्या, आणि ब्लूटूथचा वेगळा असतो तोही.

मग डिव्हाइस मॅनेजरमधल्या कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही. रोमिंग ॲग्रेसिव्हनेस सर्वांत कमी, प्रिफर्ड बँड ५ गिगाहर्ट्झ, एमआयएमओ पॉवर सेव्ह मोड 'नो एसएमपीएस', पॅकेट कोअलेसिंग बंद. पॉवर मॅनेजमेंट टॅब दिसत असेल तर 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाची खूण काढा. पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट 'ऑफ' करा. झोपेतून जागं व्हायला कार्डाला लागणारा वेळ हाच तुमचा लॅग असू शकतो, आणि डेस्कटॉपवर ही वीजबचत नगण्य आहे.

लॅगबरोबर आवाजही करकरत असेल किंवा माऊस अडखळत असेल तर मामला नेटवर्कचा नसून ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय. लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन चालवा. यादीत वर 'एनडीआयएस.सिस' किंवा वाय-फायचा ड्रायव्हर आला तर ड्रायव्हरची एक पायरी मागची आवृत्ती घालून बघा.

राउटरची ओळ सपाट निघाली तर घरातला अपलोड तपासा. कुणाच्या मोबाईलवरून फोटोंचा बॅकअप सुरू झाला की राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आणि गेमचं पाकीट शेवटी उभं राहतं. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (पाकिटांची रांग आवरणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा. आणि गेम अडकण्याऐवजी वाय-फायच पूर्ण तुटून मिनिटभराने परत येत असेल, तर राउटरचं चॅनेल ५२ ते १४४ मध्ये आहे का बघा. रडारची चाहूल लागली की राउटरला ते चॅनेल सोडावंच लागतं. ३६ ते ४८ मधलं चॅनेल हाताने निवडा.

एवढं करूनही उड्या राहिल्या तर दोन्ही पिंगचे शेवटचे आकडे, 'शो इंटरफेसेस'मधले सिग्नल व चॅनेल आणि ड्रायव्हरची तारीख इथेच कमेंटमध्ये लिहा. जमलं तर एक संध्याकाळ कॅट ५ई केबल लावून खेळून बघा आणि तो आकडाही द्या. केबलवरही तोच ताल दिसला तर कार्ड निर्दोष आहे, ते परत करू नका.